फोटोसाठी विणलेलं लुगडं

फोटोग्राफर म्हटलं की समोरचा माणूस आधी टोपी सरळ करायचा. मग मी सांगायचो, की मी माणसांचे नाही, वस्तूंचे फोटो काढतो. त्यावर त्याचा हात टोपीवरून खाली यायचा आणि चेहऱ्यावर कीव दिसायची. बिचाऱ्याला माणसं जमली नाहीत म्हणून तांब्या-बादल्यांवर आलेला दिसतो, असं त्याच्या मनात स्पष्ट वाचता यायचं. आमचं घर मोहोळकडचं, शेतकऱ्याचं. वडील एकदा सोलापूरला आले, माझं काम अर्धा दिवस उकिडवं बसून बघितलं आणि शेवटी म्हणाले, "अरं, समई समोर हाय की. मग तिचा फोटू कशापायी?" मी रागावून म्हणालो, "तुम्ही चहा घ्या."

पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. माझा स्वभावच तसा होता. लहानपणी आईच्या डब्यांची झाकणं उघडून बघायचो आणि मार खायचो. मोठेपणी लोकांच्या दुकानातल्या वस्तू उलट्या करून बघायचो आणि बोलणी खायचो. नवी पेठेत एका स्टुडिओत मी काम शिकलो. मालक माणसांचे फोटो काढायचे. मागे पडदा, पडद्यावर रंगवलेला महाल आणि तळ्यात एक बदक. माणूस खुर्चीत बसला की श्वास रोखायचा, डोळे वटारायचा आणि स्वतःसारखा सोडून कुणासारखाही दिसायला लागायचा. मला कंटाळा आला त्याचा. एकदा समोरच्या तांबटाने दुकानासाठी समईचा फोटो मागितला, मालकांनी नाक मुरडलं आणि मी ती मागून घेतली.

समईने मला घाम फोडला. घासून लख्ख केलेल्या पितळेत अख्खी खोली दिसते. खिडकी, पडदा, बदक, तीन पायांवर उभा कॅमेरा आणि काळ्या फडक्यात डोकं खुपसलेला मी. चार दिशांनी फिरलो, तरी मी त्यातून बाहेर पडेना. शेवटी मैद्याची पुरचुंडी आपटून समई मळकट करून टाकली, तेव्हा फोटोत ती चकचकीत आली. मला त्या दिवशी फार आनंद झाला. वस्तू आहे तशी दिसावी म्हणून तिला आधी नाही तशी करावं लागतं, हे मला भलतंच मजेचं वाटलं. पुढे केसांच्या तेलाच्या बाटलीचं काम आलं. तेल फोटोत डांबरासारखं काळं यायचं. बाटलीत नीळ घातलेलं पाणी भरलं, तेव्हा कुठे तेल तेलासारखं दिसलं. हा फोटो काचेवर उतरवून तंबूतल्या सिनेमात रीळ बदलताना पडद्यावर दाखवायचे, आणि पिटातली मंडळी शिट्ट्या मारायची. एक हलत्या चित्रांचा कॅमेरावाला तेव्हा आला होता. त्याच्या कॅमेऱ्याचा दांडा मीही एकदा फिरवून बघितला. बाटली हलत नाही म्हटल्यावर तो वैतागून निघून गेला.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वेळची काचेची प्लेट रंगांच्या बाबतीत आंधळी होती. पूर्ण नाही, अर्धी. तिला निळं दिसायचं, तेही गरजेपेक्षा जास्त. त्यामुळे निळी वस्तू कागदावर पांढरी यायची. पिवळं काळपट यायचं, हिरवंही काळपटच. आणि लाल तिला मुळीच दिसायचं नाही. लाल म्हणजे निव्वळ काळं. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत लाल काचेचा कंदील लावून प्लेट धुता यायची. मला हे ऐकून माहीत होतं, पण ऐकलेल्यावर माझं समाधान होत नाही. बायकोच्या पूजेच्या ताटात मी कुंकू, हळद, नीळ आणि विड्याचं पान मांडून फोटो काढला. कुंकवाचा काजळासारखा डाग, नीळ तांदळाच्या पिठासारखी. बायकोने फोटो बघितला आणि ताट घासून ठेवलं. पुढे कितीतरी दिवस ती मला पूजेच्या खोलीत येऊ देत नव्हती.

एकदा तर स्टुडिओत एक सासूबाई भांडायला आल्या. नव्या सुनेने आस्मानी शालू नेसून नवऱ्याशेजारी फोटो काढून घेतला होता. शालू आला पांढरा फटक. "नवरा बाजूला बसलाय आणि ही अशी?" म्हणून त्यांनी फोटो मालकांच्या अंगावर टाकला. मालकांनी मुकाट्याने दुसरा काढून दिला. त्या दिवसापासून आम्ही निळं नेसून आलेल्या बाईला घरी परत पाठवायचो.

अशात तीस सालाच्या अलीकडे-पलीकडे नवी पेठेतल्या एका कापडवाल्याने मला बोलावलं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक पटत नसलं की दोन्ही. ते मोठे हिशेबी आणि तितकेच हौशी. म्हणाले, "आपला माणूस गावोगाव गठ्ठा घेऊन फिरतो. गठ्ठा जड, माणूस म्हातारा. चित्रं दिली तर? पुठ्ठ्यावर चिकटवायची, खाली रंग लिहायचे. बघून व्यापाऱ्यांनी माल मागवायचा. कसं?" मी म्हणालो, "लुगड्याचे फोटो कुणी काढलेले मी ऐकले नाहीत." अप्पा म्हणाले, "मीही नाही. म्हणून तर." मला ते उत्तर फार आवडलं.

फोटो काढायचे होते एका विणकराच्या घरची लुगडी. शहराच्या पूर्व भागातलं ते घर. बोली तेलुगू, बाहेरच्यांशी मराठी. धाब्याचं बुटकं घर, पुढे अंगण, आणि आत जमिनीत खड्डे करून बसवलेले हातमाग. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत पावड्यांवर, आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांवर विणलेलं कापड त्याच्या पोटापाशी येऊन गुंडाळलं जातं. घरधनी माझ्याच वयाचा, अबोल. त्याची बायको रहाटावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची, रंग निवडायची आणि दोघांचंही बोलायची. मी तिला वैनी म्हणू लागलो आणि ती मला भावजी.

पहिल्याच दिवशी मी खड्ड्यात डोकावून पावड्या हाताने दाबून बघत होतो, तेव्हा वैनी म्हणाली, "बघून घ्या भावजी. खंडेनवमीनंतर हितं जमीनच दिसंल."

मी विचारलं, का? घरधनी उठून बाहेर गेला. मग तिने सांगितलं. गिरणीचं लुगडं स्वस्त, व्यापारी हातमागाचं घेईनात. गिरणीतल्या मुकादमाला घरधन्याने शब्द दिला होता. खंडेनवमीला मागाची शेवटची पूजा करायची, माग काढायचे, खड्डे बुजवायचे आणि गिरणीत कामाला लागायचं.

"त्येंचं बरोबर हाय," ती म्हणाली. "पन मला न्हाय पटत. हितं आमी समदी मिळून काम करतो की. रंग मी बघते, खळ सासू लावती, त्ये विणत्यात. त्ये गिरणीत गेलं की मी काय करू? दुसऱ्याच्या दारात कांड्या भराया जाऊ?" आणि मग अगदी सरळ विचारलं, "तुमच्या फोटूनं माल जाईल का?"

मी नाही म्हणायला हवं होतं, निदान माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांत बघून मला तसं म्हणवेना. मी म्हणालो, "बघू." ते तिने हो असं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मीही ते तसंच म्हटलं होतं.

लुगडं मोठं देखणं होतं. अंग गडद हिरवं, काठ आणि पदर लाल, आणि काठातून चाललेली बारीक पिवळी नागमोड. उन्हात धरलं की काठ पेटल्यासारखा दिसायचा. मी अंगणात दोरीवर टाकलं, प्लेट घेतली, धुतली. जे आलं ते बघून मला हसूही आलं आणि रडूही. हिरवं काळं, लाल काळं, पिवळंही काळं. दोरीवर कुणी घोंगडं वाळत घातलं असावं तसं.

अप्पांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "काठ कुठाय?"

"आहे त्यातच," मी म्हणालो.

"व्यापाऱ्याला असंच सांगू?"

पिवळी काच लावून बघितली, उजेड बदलून बघितला. लाल दिसणाऱ्या नव्या प्लेटा मुंबईत निघाल्याचं ऐकत होतो, पण माझ्या हातात त्या कधी पडल्या नव्हत्या. आठवडाभर माझं जेवणात लक्ष नव्हतं. मग एके दिवशी स्टुडिओत तेलाच्या बाटलीचा जुना फोटो हाती आला, आणि मला सुचलं ते मी धावत जाऊन विणकराच्या घरी सांगितलं. लुगडं जसं आहे तसं प्लेटला दिसत नाही ना? मग प्लेटला जसं दिसेल तसं लुगडं विणा. फोटोपुरतं एकच. जिथे उजळ दिसायला हवं तिथे आस्मानी, जिथे बारीक रेघ उठून दिसायला हवी तिथे तांबडी. हिरव्याच्या जागी वांगी रंग, त्यात थोडं निळं असतं, म्हणजे चुण्या दिसतील. फोटोखाली रंग खरेच लिहायचे.

घरधनी माझ्याकडे बघतच राहिला. "वांगी अंग आन् आस्मानी काठ-पदर?"

"हो."

"आन् लाल नागमोड?"

"हो."

"कोन नेसनार त्ये?"

"कुणी नाही. कॅमेरा."

वैनी पदर तोंडाला लावून हसत होती. मग हसता हसता थांबली आणि सुताच्या लडी काढायला लागली. घरधन्याने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा लडींकडे, आणि नवा ताणा लावायला घेतला. मला वाटतं त्याने ते तिच्यासाठी केलं. माझ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

त्या लुगड्याने गल्लीची करमणूक झाली. बायका पाणी भरायला जाता जाता आत डोकावायच्या. "अय्यो, ह्ये नेसून कुटं जायचं, तमाशाला?" वैनी म्हणायची, "फोटूत जायचं!" मी रोज सकाळी जाऊन बसायचो आणि प्रश्न विचारून घरधन्याचं डोकं खायचो. धोटा उलटा गेला तर? तुटलेला धागा कसा सापडतो? तो एका शब्दात उत्तर द्यायचा आणि ठोका चालू ठेवायचा.

लुगडं मागावरून उतरलं. फोटो काढायच्या दिवशी घरधनी मुद्दाम बाहेर निघून गेला; असलं सोंग बघायला थांबणार नाही म्हणाला. अप्पा हौसेने आले. मी लुगडं धाब्याच्या कठड्यावरून खाली सोडलं, अंगणात बाजांवर पसरलं, आणि ऊन कडक पडू नये म्हणून वर धोतर बांधलं. समोरच्या धाब्यावर कॅमेरा नेला. एक फोटो अख्ख्या लुगड्याचा, आणि एक जवळून, फक्त पदराचा. वैनी पदराच्या चुण्या घालत होती आणि मी वरून ओरडत होतो, "थोडा डावीकडे! अहो, तुमचा डावा नाही, माझा!" तिने शेवटी पदर सोडून कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "भावजी, तुमी खाली येऊन घाला की." मी डोकं पुन्हा काळ्या फडक्यात खुपसलं.

फोटो अप्रतिम आले. आज एवढी वर्षं झाली, पण स्वतःच्या कामावर मी इतका खूश पुन्हा कधी झालो नाही. काठ उजळ, नागमोड सुईने काढल्यासारखी, अंगाच्या चुण्या मऊ. अप्पांनी भिंग लावून बघितले. वैनीने बघितले, सासूला दाखवले, शेजारणींना दाखवले. मी तर दिवसातून दहा वेळा बघत होतो. घरधन्याने ते हातातही घेतले नाहीत. अप्पांचा म्हातारा फिरता माणूस पुठ्ठे काखेत मारून निघाला, बार्शी, लातूर, पार निजामाच्या मुलखात.

तो परत आला तो नवरात्राच्या तोंडावर. आम्ही अप्पांच्या दुकानात बसलो होतो, वैनीही आली होती. म्हाताऱ्याने पुठ्ठे पुढे ठेवले.

"कुणी घेत न्हाय," तो म्हणाला. "काठ लई आवडला समद्यांना. पन म्हनत्यात, डागी माल हाय."

"डागी?" अप्पा उसळले. "कुठाय डाग?"

म्हाताऱ्याने पदराच्या फोटोवर बोट ठेवलं. पदराच्या कोपऱ्यात, पांढऱ्याशुभ्र भागावर, अंगठ्याएवढा काळा ठिपका. अख्ख्या लुगड्याच्या फोटोत तो टिंबाएवढाही आला नव्हता.

आम्ही तिघांनी तो बघितला. मग एकमेकांकडे बघितलं. आणि वैनी हळूच म्हणाली, "त्यो डाग न्हाय. त्ये कुंकू हाय."

नव्या ताण्याचं पहिलं वस्त्र मागावरून उतरलं की त्या घरी पदराच्या कोपऱ्याला कुंकू लावत. तसं ते लावलं होतं, तिनेच, माझ्यासमोर. मी ते लावताना बघितलं होतं, कॅमेऱ्यातून बघितलं होतं, फोटोत तर दिवसातून दहा वेळा. अप्पांनी भिंगातून बघितलं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी बघितलं होतं. एकालाही डाग दिसला नव्हता. लाल काळं येतं हे ज्याने ताटात मांडून सिद्ध केलं, तो मी! पण काळा ठिपका समोर असूनही माझ्या डोळ्याने तो परस्पर लाल करून घेतला होता. नव्या वस्त्राच्या कोपऱ्यात कुंकू असायचंच, त्यात बघायचं काय? परक्या गावच्या व्यापाऱ्याला लुगडं उतरलं कधी हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला फक्त कागद दिसला. मी इतका चकित झालो, की वाईट वाटायचंही क्षणभर राहून गेलं. डोळा काय बघतो आणि आपण काय बघतो, ह्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

वैनीला मात्र तेवढी चैन नव्हती. ती उठून गेली.

मी दुसऱ्या दिवशी गेलो तर घरासमोर मातीचा ढीग. घरधन्याने बैलगाडीभर माती आणून टाकली होती. नवमीची वाट बघण्यातही आता अर्थ नव्हता, असं त्याचं म्हणणं. पाटी भरून तो आत गेला आणि दारातच थांबला. खड्ड्यात वैनी उतरून बसली होती. मागावर बसतात तशी काठावर नव्हे, पार आत, गुडघे पोटाशी घेऊन.

"वर ये," तो म्हणाला.

"टाका की माती," ती म्हणाली.

तो पाटी घेऊन उभा राहिला. सासू चुलीपाशी डोळे पुसत होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मग वैनी म्हणाली, "नवमीपातूर थांबा. शब्द त्या दिसाचा हाय न्हवं? तोवर मी भावजींच्याकडनं डाग काढून घेते." आणि माझ्याकडे वळून, "निघतोय न्हवं डाग?"

"निघतो," मी म्हणालो. ह्या वेळी मला खात्री होती.

घरधन्याने पाटी खाली ठेवली.

डाग काढायचा म्हणजे पदराचा फोटो पुन्हा काढावा, हे सरळ. पण ते लुगडं गल्लीत एका बारशाला कुणीतरी पाळण्यावर बांधायला नेलं होतं आणि त्याच्या पार चिंध्या झाल्या होत्या. राहिली फोटोची मूळ काच. कागदावर जिथे काळं, तिथे काचेवर नितळ जागा असते. उजेड तिथून आरपार जातो आणि कागद काळा करतो. ती जागा बुजवायची. चेहऱ्यावरचे वण आम्ही पेन्सिलीने बुजवायचो, पण इथे पेन्सिल पुरत नव्हती. अशा ठिकाणी लाल रंग लावतात, कारण कागदालाही प्लेटसारखंच लाल दिसत नाही. लालाखाली तो पांढराच राहतो. मी खिडकीपाशी काच धरून वैनीला हे समजावून सांगत होतो आणि रंगाची बाटली शोधत होतो.

"म्हंजी लाल लावलं की काळं जातं?" ती म्हणाली.

"हो."

"कंचं बी लाल?"

मी शोधायचा थांबलो. तिने कनवटीची डबी काढली. डिंकाच्या पाण्यात कुंकू खललं, आणि मी दाखवलं तिथे करंगळीने काचेवर टेकवलं. पहिल्यांदा फार पसरलं, ते पुसलं. दुसऱ्यांदा बरोबर त्या ठिपक्यावर बसलं. कागद धुऊन बाहेर काढला तर पदर स्वच्छ. ती कितीतरी वेळ कागदाकडे आणि काचेकडे आळीपाळीने बघत होती. "दोनदा लावलं तवा गेलं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. मीही डोळे पुसले, आणि हाताला लागलेलं औषध डोळ्यांत जाऊन फार आग झाली.

नवे पुठ्ठे घेऊन म्हातारा पुन्हा गेला. ह्या वेळी जवळच्याच गावांना, कारण दिवस उरले नव्हते.

खंडेनवमीला मी आणि अप्पा दुपारी विणकराच्या घरी गेलो. मागांना झेंडूच्या माळा, धोट्यांना गंध. दारातला मातीचा ढीग तसाच. म्हातारा आमच्या आधीच येऊन ओसरीवर पाणी पीत बसला होता.

"दोन ठिकानी मागनी हाय," तो म्हणाला. "थोडी थोडी. नमुन्यापुरती."

वैनीचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. अप्पा खरं बोलणारा माणूस. ते घरधन्याला म्हणाले, "हे बघ, एवढ्यावर घर चालत नाही. पुढे वाढेल, नाही वाढणार, मी शब्द देणार नाही. गिरणीत जायचं तर जा. मी रागावणार नाही."

सगळे घरधन्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्याच्या पिशवीतून पुठ्ठे बाहेर डोकावत होते. घरधन्याने वाकून वरचा ओढला. तो अख्ख्या लुगड्याचा होता, धाब्यावरून खाली आलेला, बाजांवर पसरलेला. इतक्या दिवसांत तो त्याने हातात घेतला नव्हता. दारातल्या उजेडात नेऊन तो बघायला लागला. मला आधी वाटलं डाग शोधतो आहे.

"ह्ये आमचं हाय?" त्याने विचारलं.

"मग कुणाचं?" वैनी म्हणाली.

"सगळं दिसतंय," तो म्हणाला. त्याला आधी एवढंच बोलता आलं. मग थांबत थांबत म्हणाला, "म्या इतकी वर्सं विणतुया. मला हात-दीड हात दिसतंय, तेवढ्यात म्होरं गुंडाळलं जातंय. उतरलं की घडी, घडी झाली की दुकान. पदरापासनं पार शेवटापातूर म्या कदी बघितलंच न्हाय."

अप्पांनी उपरण्याने चष्मा पुसायला घेतला. मला माझ्या वडिलांनी समईचं विचारलं होतं, त्याहून हे वेगळं होतं. ह्या माणसाने वस्तू आपल्या हाताने केली होती आणि ती त्याच्यासमोर कधी नव्हतीच.

तो पुठ्ठ्यावर बोट फिरवत होता, काठाच्या कडेने. "हितं धागा तुटला व्हता," तो स्वतःशीच म्हणाला. "हितं मी सांधलं. दिसत न्हाय." मग त्याने वर बघितलं. "गिरणीत कापडाचं थानावर थान निघतंय. त्यातलं माझं कंचं, ह्ये मला कोन दाखवनार?"

त्याच्या हातातला पुठ्ठा वैनीने काढून घेतला आणि पदराने पुसला.

"मग उतरा की," ती म्हणाली.

त्याने मागाची माळ बाजूला केली आणि खड्ड्यात पाय सोडले.